वर्लन स्टिडमचं सगळ्यांनी ऐकलेलं गाणं

आमच्या टॅलो गॅपचं रेडिओ स्टेशन कोंबड्यांबरोबर उठायचं आणि कोंबड्यांबरोबरच झोपायचं. यात काव्य काही नव्हतं, कायदा होता. रेडिओच्या पट्टीवर आम्हाला जो आकडा मिळाला होता, तोच शिकागोकडच्या एका धिप्पाड स्टेशनलाही मिळालेला होता. दिवसा ते तिकडे आणि आम्ही इकडे, भांडण नाही. पण अंधार पडला की रेडिओचा आवाज लांब लांब पळतो. आमचा बँजो त्यांच्या नाचाच्या संगीतात घुसायला नको, म्हणून सरकारचा हुकूम होता की सूर्य मावळला की खटका पाडायचा. मोठ्याच्या ताटात धाकट्यानं हात घालायचा नसतो, हे केंटकीच्या डोंगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

स्टेशन म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवर सिमेंटच्या विटांच्या दोन खोल्या, शेजारी मनोरा आणि मनोऱ्याखाली चरणाऱ्या गाई. सरकारदप्तरी त्याला चार अक्षरांचं नाव होतं, ते फक्त सरकारच घ्यायचं. आम्ही नुसतं 'टेकडी' म्हणायचो. "टेकडी लाव," म्हटलं की आजीसुद्धा उठून बटण फिरवायची.

टेकडी काढली ती प्रूइट म्हाताऱ्यानं. हा गावातला अंत्यविधीवाला. शवपेट्या, फुलं, काळी गाडी, सगळं त्याच्याकडे. गिऱ्हाइकाची बातमी गिऱ्हाइकाच्या नातेवाइकांना वेळेवर कळावी, एवढ्या शुद्ध हेतूनं त्यानं स्टेशन सुरू केलं. रोज सकाळी प्रार्थना, मग कोण गेलं ते, मग दवाखान्यात कोण भरती झालं ते (म्हणजे उद्याची बातमी), मग तंबाखूचा भाव. मधल्या वेळात काय वाजवायचं हा प्रश्न आला तेव्हा कुणीतरी कंट्री गाण्यांच्या तबकड्या आणून दिल्या. बायको सोडून गेली, आई वारली, तुरुंग झाला, दारू सुटत नाही. मयताच्या बातम्यांशी सूर असा जुळला की बातमी कुठे संपली आणि गाणं कुठे सुरू झालं, कळायचं नाही.

या टेकडीवर दोन माणसं खरी. एक मिस विडा, मागच्या खोलीत यंत्रापाशी बसणाऱ्या. दुसरा वर्लन स्टिडम, पुढच्या खोलीत माइकपाशी बसणारा. आठवडाभर वर्लन पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलायचा आणि शनिवारी दुपारी टेकडीवर 'शनिवारची ओसरी' नावाचा कार्यक्रम करायचा. गावातली कुणी गिटार, कुणी फिडल घेऊन यायची, वर्लन त्यांची ओळख करून द्यायचा आणि शेवटी स्वतः एक गाणं म्हणायचा.

ही ओळख करून देणं हेच वर्लनचं व्यसन. दारूला तो शिवला नाही, तंबाखू खाल्ली नाही, पण माइक दिसला की त्याला प्रस्तावना सुचायची. गाणं शेपटाएवढं, प्रस्तावना खेचराएवढी. गाण्यात खेचर असलं तर त्यानं आजवर पाळलेल्या सगळ्या खेचरांची नावं, स्वभाव आणि मरणाची कारणं आधी यायची. माझी आई म्हणते, त्या कार्यक्रमात ती बिस्किटांचं पीठ मळायला घ्यायची आणि पहिलं गाणं सुरू होईतो बिस्किटं भट्टीतून बाहेर आलेली असायची.

तर एका नोव्हेंबरात बातमी आली की कॉर्बिन शेल टेकडीवर येणार. त्या काळी आमच्याकडे स्वयंपाकघरात तीन चित्रं असायची: येशूचं, राष्ट्राध्यक्षांचं आणि कॉर्बिन शेलचं. राष्ट्राध्यक्ष बदलायचे. कॉर्बिन म्हणजे कंट्री गाण्यांची पंढरी असलेल्या नॅशव्हिलचा गायक, सोन्याच्या गुंड्यांचा कोट घालणारा, आणि त्याची बस शेजारच्या जिल्ह्यातल्या जत्रेला जाताना आमच्याकडे थांबणार होती. प्रूइट म्हाताऱ्यानं कुणाच्या तरी हातापाया पडून ते जमवलं होतं. एवढंच नाही, कॉर्बिन शेल वर्लनबरोबर एक गाणं म्हणणार होता, आणि तेही वर्लननं स्वतः रचलेलं.

आठवडाभर न्हाव्याच्या दुकानात प्रूइट छाती काढून सांगत होता, "कॉर्बिनचं गाणं होईपर्यंत टेकडी बंद होणार नाही. गरज पडली तर सूर्याला थांबवीन."

हे सगळ्या गावानं ऐकलं. मिस विडांनीही ऐकलं. त्या प्रूइटला म्हणाल्या, "सरकारची परवानगी आणली आहेस का?"

"अहो मिस विडा, कॉर्बिन शेल येतोय!"

"मी परवानगीबद्दल विचारलं."

प्रूइटनं हात झटकले आणि तो निघून गेला. आदल्या वर्षी शाळेचा बास्केटबॉलचा सामना संपेना म्हणून टेकडी थोडी उशिरापर्यंत चालू ठेवली होती, तेव्हा सरकारनं मिस विडांना फार कडक शब्दांत झापलं होतं. मिस विडांना आयुष्यात आधी कुणी झापलं नव्हतं आणि पुन्हा कुणी झापावं अशी त्यांची इच्छा नव्हती.

कॉर्बिन दुपारच्या जेवणाला पोचणार होता. पण त्याच्या ड्रायव्हरनं वाटेत रस्ता विचारला, आणि आमच्याकडे रस्ता सांगण्याची एक रीत आहे. "जिथं पूर्वी शाळा होती तिथं डावीकडे वळा, मग जळालेल्या चर्चवरून सरळ, आणि हॉबसनचा लाल बैल बांधलेला असायचा तिथून उजवीकडे." शाळा पाडलेली, चर्चच्या जागी झाडी, बैल कधीच खाल्लेला. बस दुपारभर डोंगरात फिरत राहिली. ती टेकडीवर चढली तेव्हा गाईंच्या सावल्या लांब झाल्या होत्या.

अजूनही वेळ होता. गाणं लगेच म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, आणि मग हे लिहायलाही काही उरलं नसतं. पण माइकसमोर वर्लन होता.

"मंडळी," तो म्हणाला, "आज माझ्या शेजारी कोण बसलंय ते सांगण्याआधी मी इथवर कसा आलो ते सांगायला हवं. माझा जन्म स्टिडम खोऱ्यात, त्या वर्षी फार बर्फ पडलं होतं..."

बर्फ वितळलं, वर्लन चालायला लागला, शाळेत गेला, शाळा सोडली. मग पहिली गिटार आली, ती ज्या झाडाच्या लाकडाची होती ते झाड आलं. मग रेटलिफच्या खताची जाहिरात. मग मिसेस गुडपास्टरचा वाढदिवस. कॉर्बिन शेल काचेतून बाहेर बघत बसला होता. शेवटी तो म्हणाला, "दोस्ता, गाणं म्हणायचंय की त्याचं नुसतं बारसंच करायचंय?"

वर्लन मनापासून हसला आणि हे वाक्य त्याच्या आजोबांच्या एका वाक्याशी कसं जुळतं ते सांगू लागला.

तेवढ्यात मागच्या खोलीत मिस विडांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि खटका पाडला. रोज त्या आधी एक भजन लावायच्या आणि "टेकडीची शुभरात्री" म्हणायच्या. आज मध्ये वर्लन बोलत होता, आणि वर्लनला मध्येच तोडणं देवालाही जमलं नसतं. पुढच्या खोलीत कुणाला काही कळायचा प्रश्न नव्हता. माइक चालू असला की तिथला भोंगा मुका व्हायचा आणि टेबलावरचा लाल दिवा तर वेगळ्या तारेवर होता. तो जळत राहिला. त्या लाल दिव्याच्या उजेडात वर्लन स्टिडम आणि कॉर्बिन शेल गायले, आणि त्यांचं गाणं गाईंपर्यंतसुद्धा पोचलं नाही.

गाणं संपल्यावर कॉर्बिन उठला, वर्लनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दोस्ता, तुझ्यासारखं गाणारा मी आजवर कुणी ऐकला नाही," आणि घाईघाईनं बसमध्ये जाऊन बसला. वर्लन डोळे पुसत मागच्या खोलीत आला.

"मिस विडा, ऐकलंत?"

मिस विडा खोटं बोलत नाहीत. दोन्ही खोल्यांमधली भिंत एकेरी विटेची होती. "ऐकलं," त्या म्हणाल्या.

त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं, म्हणून त्यांनी आणखी काही सांगितलं नाही.

इकडे घराघरांत काय झालं? प्रस्तावना चालू होती, मग खर्रर्र झालं, आणि मग शिकागोचा एक गुळगुळीत आवाज पुरुषांच्या ओव्हरकोटांबद्दल बोलू लागला. प्रत्येकानं आपापल्या रेडिओला थापड मारली. आमच्या खोऱ्यांत संध्याकाळी रेडिओचा आवाज नेहमीच बसतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं की आपलाच मेला. टेकडी चालू असणार, सूर्याला थांबवायचं ठरलेलंच होतं. म्हणजे सगळं गाव ऐकतंय आणि आपण तेवढे शिकागोचे कोट ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चच्या पायऱ्यांवर सगळे जमले.

"ऐकलंस काल?"

"ऐकलं म्हणजे काय! अंगावर काटा आला."

"आमची ही तर रडलीच."

"रडणारच! ते शेवटचं कडवं..."

"शेवटच्या कडव्याबद्दल नको बोलूस, मला पुन्हा भरून येईल."

गावातली सर्वांत मोठी गोष्ट आपल्याला ऐकू आली नाही, हे कबूल कोण करणार? आपला रेडिओ भिकार आहे, बॅटरी घ्यायला जमलं नाही, हे पायऱ्यांवर उभं राहून कोण सांगणार? सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि सगळ्यांनी ऐकलं असल्यामुळे गाणं काय होतं हे कुणालाच विचारता येईना. वर्लनलाही ते कुणाला सांगायची गरज वाटली नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना काय सांगायचं? शिवाय त्यानं जाहीर केलं की असं गाणं माणसाच्या आयुष्यात एकदाच होतं, ते पुन्हा म्हणून बाटवायचं नाही. ते तो पुन्हा गायला नाही, आणि 'शनिवारची ओसरी'ही मागे पडली. कॉर्बिन शेलनंही त्या गाण्याचं कधी नाव काढलं नाही आणि पुढे तो वारला.

पण न ऐकलेल्या गाण्याचं जेवढं होतं तेवढं ऐकलेल्याचं होत नाही. एस्टिल नावाचा एक माणूस तेव्हा चोरटी दारू गाडीतून पोचवायचा. त्यानं सांगितलं की गाडीत ते गाणं लागलं, त्याला आपल्या पापांची आठवण झाली, त्यानं गाडी थांबवून सगळ्या बरण्या ओढ्यात ओतल्या आणि तो देवाचा झाला. आज तो ब्रदर एस्टिल आहे, आमचा पाद्री, आणि दर ईस्टरला ही कथा सांगतो. ओढा दर वर्षी थोडा रुंद होतो.

दुसरं उदाहरण घरचंच. माझे वडील, डॉर्सी, त्या संध्याकाळी दगडाच्या खाणीपाशी ट्रकमध्ये माझ्या आईला घेऊन बसले होते. ते म्हणतात, गाणं ऐन रंगात आलं तेव्हा मी मागणी घातली आणि तुझी आई हो म्हणाली. म्हणजे मी आणि माझी तीन भावंडं, आम्ही चौघंही वर्लन स्टिडमच्या गाण्याचे देणेकरी.

वर्लनला गावात मान मिळाला. कॉफी फुकट. कामगार दिनाच्या मिरवणुकीत पहिली गाडी त्याची. ॲपल-पायच्या स्पर्धेत परीक्षक तो, आणि प्रस्तावनाही त्याचीच, त्यामुळे ॲपल-पाय नेहमी गार होऊन मिळायचे. पशुखाद्याचं दुकान बंद झालं, बायको गेली, गुडघे गेले, पण तो रस्त्यानं निघाला की लोक पोरांना सांगायचे, "ते बघ, कॉर्बिन शेलबरोबर गायलेले मिस्टर वर्लन." तेवढ्यावर म्हातारा ताठ चालायचा.

मग टेकडीला पन्नास वर्षं झाली. म्हातारा प्रूइट स्वतःच्याच काळ्या गाडीतून कधीच गेला होता. आता स्टेशन आणि शवपेट्या दोन्ही त्याचा मुलगा बघतो, त्याला आम्ही ज्युनियर म्हणतो. ज्युनियरच्या डोक्यात आलं की राज्याच्या इतिहास खात्याकडून रस्त्याच्या कडेला लोखंडी पाटी लावून घ्यायची: 'या टेकडीवर वर्लन स्टिडम कॉर्बिन शेलबरोबर गायला आणि सबंध परगण्यानं ते ऐकलं.'

वर्लनला हे कळलं आणि त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. पाटी कुठे लागणार ती जागा तो रोज जाऊन बघायचा. तिथलं गवत त्यानं स्वतः कापलं. मला म्हणाला, "पोरा, मी मेलो की सकाळी टेकडीवर माझं नाव वाचतील, मग तंबाखूचा भाव सांगतील, आणि झालं. लोखंडावर असलं की तंबाखूच्या भावानं पुसत नाही." एवढं छोटं बोललेला वर्लन मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला जरा भीतीच वाटली.

खात्याकडून मिसेस ॲबरनॅथी नावाच्या बाई आल्या. नीटनेटक्या, हसऱ्या, पण साध्या बोलण्यावर पाटी देणाऱ्या नव्हेत. गाण्याची टेप नाही, तर ज्यांनी ऐकलं त्यांनी समोर येऊन सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं. गाव म्हणालं, एवढंच? सगळ्यांनीच ऐकलंय!

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दुपारी समारंभ ठेवला. बंब बाहेर काढून आत टेबलं लावली. घेवड्याचं कालवण, मक्याची भाकरी, केळ्याचं पुडिंग, सगळं होतं. टेकडीवरून समारंभाचं थेट प्रक्षेपण चालू होतं आणि मध्यभागी माइक होता. वर्लन पुढच्या खुर्चीत, इस्त्री केलेल्या कोटात, मांडीवर जुनी गिटार. त्याला वाटलं होतं फोटो काढतील.

मिसेस ॲबरनॅथींनी पहिल्यांदा ब्रदर एस्टिलला बोलावलं. त्यानं ओढ्याची कथा सांगितली. ओढ्याची आता नदी झाली होती.

"फार सुंदर," बाई म्हणाल्या. "आणि गाणं कशाबद्दल होतं?"

ब्रदर एस्टिलनं वर छताकडे पाहिलं. "आईच्या थडग्याबद्दल," तो म्हणाला. कंट्री गाणं म्हटल्यावर अंदाज काही वाईट नव्हता.

वर्लनची मान किंचित वर झाली.

मग माझे वडील. "रेल्वेबद्दल," ते ठामपणे म्हणाले. "ती रेल्वेनं परत येते आणि तो फलाटावर उभा असतो."

"थडगं होतं, डॉर्सी," एस्टिल खालून म्हणाला.

"रेल्वे होती, ब्रदर. मी मागणी घालत होतो, मला माहीत नसेल?"

"तू मागणी घालत होतास, मी देवाला शरण जात होतो. कोणाचं लक्ष जास्त असेल?"

"तुमची दोघांचीही चूक होतेय," ज्युनियर माइक ओढत म्हणाला. "शिपाई होता तो. युद्धावरून एक पाय गमावून येतो."

"तुझा जन्म झाला होता का रे तेव्हा?" वडिलांनी विचारलं.

"मी पाळण्यातून ऐकलं!"

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. टेबलाटेबलावर कुणाचा शिपाई, कुणाची रेल्वे, कुणाचा तुरुंग, एका बाईंचा तर कुत्रा होता. वर्लन एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. तराजूच्या पारड्यात एकेक वजन पडावं तसा त्याचा चेहरा दर उत्तराला खाली खाली जात होता.

मिसेस ॲबरनॅथींनी कोपऱ्यात बसलेल्या मिस विडांकडे पाहिलं. "तुम्ही तेव्हा स्टेशनवरच होतात ना? तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं," मिस विडा म्हणाल्या.

"कशाबद्दल होतं?"

"ट्रकच्या धुळीबद्दल. ती ट्रकमधून निघून जाते आणि हा घरातली धूळ पुसत नाही."

वर्लन खुर्चीत अर्धा उठला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या गाण्यातलं काहीतरी बोललं होतं. "बघा!" तो ओरडला. "बघा, मिस विडांनी ऐकलं!"

"रेडिओवर ऐकलंत ना?" बाईंनी विचारलं.

"नाही, भिंतीतून. रेडिओ मी बंद केला होता. सूर्य मावळला होता."

हॉल असा गप्प झाला की चुलीवरच्या कालवणाचा बुडबुड आवाज थेट प्रक्षेपणात गेला.

पहिला भानावर आला तो ब्रदर एस्टिल. "मिस विडांचं आता वय झालंय, हनी," तो मिसेस ॲबरनॅथींना मायेनं म्हणाला. "देव त्यांचं भलं करो." आमच्याकडे कुणाला मूर्ख म्हणायचं असलं की देवाला मध्ये घेतात.

"वय झालंय, पण खटका कुठल्या बाजूला पडतो ते आठवतं, एस्टिल," मिस विडा म्हणाल्या.

"मग मी दारू कशाला ओतली? सांगा ना! कशाला ओतली मी?"

"शेरीफची गाडी तुझ्या मागे होती म्हणून."

लोक हसले, पण जरा जपूनच. कारण आता प्रत्येकाच्या घराला हात लागत होता. मी आईकडे वळलो आणि हळूच म्हणालो, "आई, मग तू कशावर हो म्हणालीस?"

"ओव्हरकोटाच्या जाहिरातीवर," आई पुडिंग वाढता वाढता म्हणाली. "शिकागोत कोट निम्म्या किमतीला होते. तुझा बाप थरथर कापत होता, मला वाटलं याला थंडी वाजतेय. कीव आली."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला कोण विचारतंय! रेल्वे त्याला आवडते, असू दे."

ज्युनियरनं माइकवर बोट आपटलं. "मंडळी, वाद कशाला? आपण मतदान घेऊ. टॅलो गॅपनं ते गाणं ऐकलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

हात वर झाले. भराभर. शिपाईवाले, रेल्वेवाले, थडगंवाले, कुत्रावाल्या बाई, सगळ्यांचे. जे त्या वेळी परगण्यातच नव्हते त्यांचेही. माझ्या वडिलांनी दोन केले. हात खाली होता तो मिस विडांचा, आईचा (तिच्या हातात पळी होती) आणि वर्लनचा.

"वर्लन, हात वर कर की," ज्युनियर दबक्या आवाजात म्हणाला. "पाटी तुझी आहे. बहुमत झालंय. बाई लिहून घेतील."

खरंच होतं ते. बाई थोड्या गोंधळल्या होत्या, पण एवढे हात बघून कुणीही सही केली असती. वर्लननं फक्त हात उचलायचा होता आणि लोखंड त्याचं होतं.

वर्लन त्या हातांच्या रानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हॉबसन, तू त्या रविवारी पायऱ्यांवर माझ्या गळ्यात पडून रडला होतास."

हॉबसननं हात खाली घेतला.

"कशाला रडलास रे? कोटांसाठी?"

वर्लननं गिटार सरळ केली. "गाणं ट्रकच्या धुळीचं होतं," तो म्हणाला. "रेल्वे नाही, थडगं नाही. माझं गाणं आहे, त्यात कुत्रा असता तर मला माहीत असतं. ज्युनियर, हा माइक चालू आहे?"

"आहे, पण..."

"मिस विडा, सूर्य?"

आता तो कायदा कधीच बदललाय, टेकडीला रात्रीही हळू आवाजात बोलायची मुभा आहे. तरी मिस विडांनी मान वळवून खिडकीबाहेर नीट पाहिलं. "आहे अजून," त्या म्हणाल्या. "पण प्रस्तावना करू नकोस."

आणि वर्लन स्टिडमनं आयुष्यात पहिल्यांदा प्रस्तावनेशिवाय गाणं म्हटलं.

त्याबद्दल काय सांगू? मी सबंध ऐकलं, माझ्याजवळ न ऐकण्याचं निमित्त नव्हतं. आवाज वर जायला हवा तिथं खाली यायचा आणि खाली यायला हवा तिथं शोधावा लागायचा. शब्द असे होते:

पुसत नाही मी ताटली, पुसत नाही मी काच,
तुझ्या ट्रकची धूळ गं, घरात करते नाच.

यानंतर धूळ घेवड्यावर बसली, गादीवर बसली, खेचरावर बसली. खेचराला स्वतंत्र कडवं होतं. कॉर्बिन शेल घाईघाईनं बसमध्ये का गेला हे तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्यांना उमगलं. पुढेही कडवी होती. वर्लन डोळे मिटून गात होता, त्याची मान हलत होती, इस्त्रीच्या कोटाला घाम फुटला होता, आणि ते सगळं सबंध परगण्यात, खोऱ्याखोऱ्यांत, स्वच्छ, एकही खरखर न होता पोचत होतं.

संपलं तेव्हा एकट्या मिसेस ॲबरनॅथींनी टाळ्या वाजवल्या, त्या बाहेरच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चच्या पायऱ्यांवर सगळे जमले.

"काल ऐकलं का वर्लनचं?"

"अरे, नेमकी आमच्याकडे खरखर!"

"आमची वीजच गेली."

"मी हॉलमध्येच होतो, पण तेवढ्यात पुडिंग आणायला गेलो."

"मला त्या कानानं हल्ली कमीच येतं."

ब्रदर एस्टिलनं त्या दिवशी ओढ्याऐवजी नोहाच्या पुरावर प्रवचन केलं.

पाटी लागली. मिसेस ॲबरनॅथी सज्जन बाई होत्या. वर्लननं कापलेल्या गवतातच लागली: 'या टेकडीवरून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कंट्री संगीत ऐकवलं जात असे.' नाव कुणाचंच नाही. खरं म्हटलं तर वर्लननं स्वतःच्या हातानं, म्हणजे न उचललेल्या हातानं, ते घालवलं. मिरवणुकीतली पहिली गाडी आता ज्युनियरची असते. कॉफीवाली हल्ली वर्लनसमोर कप ठेवते आणि तिथंच उभी राहते.

मला वाटलं होतं म्हातारा खचेल. पुढच्या आठवड्यात तो काठी टेकत मिस विडांच्या ओसरीवर गेला. मी त्यांच्याकडे लाकडं टाकत होतो.

"मिस विडा, एक विचारू? त्या दिवशी खटका पाडताना तुम्हाला वाईट वाटलं का?"

"पाडताना वाटलं," मिस विडा म्हणाल्या. "मग भिंतीतून गाणं ऐकलं."

वर्लननं काठी बाजूला ठेवली. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता, खोकला लागेपर्यंत. "पण सगळं ऐकलंत ना?" तो म्हणाला.

"सगळं. खेचरासकट."

"तेव्हाही आणि आत्ताही?"

"दोन्ही वेळा. तेव्हा खेचर जरा बरं जमलं होतं."

त्यानंतर ज्युनियरला गाठून त्यानं शनिवारची दुपार परत मागून घेतली. त्या वेळेला दुसरं कुणी जाहिरात देत नव्हतं, ज्युनियर हो म्हणाला. आता दर शनिवारी वर्लन स्टिडम टेकडीवर जातो, खेचरांची नावं सांगतो आणि मग गातो. आणि दर शनिवारी नेमक्या त्याच वेळी आमच्या गावातले सगळे रेडिओ बिघडतात. सबंध टॅलो गॅपमध्ये एकच तेवढा धड चालतो. तो मिस विडांच्या ओसरीवर असतो, आणि मोठ्यानं लावलेला असतो.